गोळी बंद करण्याआधी पाकीट उलटून वाचा

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी फलटणची निवृत्त शिक्षिका, वय ६२, शाकाहारी. नऊ वर्षं शुगरची गोळी चालू आहे. महिन्यापूर्वी दोन्ही वेळची गोळी दुप्पट ताकदीची केली. तेव्हापासून सकाळी तीन-चार वेळा पातळ होतं, घराबाहेर पडायची भीती वाटते. त्यात गुरुवारच्या उपासाला अकराच्या सुमारास हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला. यांनी पेढा भरवला, तेव्हा अर्ध्या तासाने बरं वाटलं. घाबरून आठ दिवस गोळीच घेतली नाही. आज उपाशीपोटी साखर २३२ आली. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक करा. उद्याच तुमच्या डॉक्टरांना फोन करून गोळी बंद आहे हे सांगा. जुना डोस आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका आणि नुसतं थांबूनही राहू नका.

पाकिटाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. तुमच्या एका गोळीत दोन औषधं आहेत : ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम. तुमचे दोन्ही त्रास वेगवेगळ्या औषधांचे आहेत. पोट बिघडलं ते मेटफॉर्मिनने, थरथर झाली ती ग्लिमेपिराइडने. त्यामुळे सगळीच गोळी टाकून देण्याची गरज नाही.

मेटफॉर्मिन दिवसाला १००० वरून एकदम २००० वर गेलं, ते पोटाला झेपलं नाही. ते आठवड्याला ५०० असं चढवत नेलं की बहुतेकांना सोसतं. दोन्ही औषधं सुट्ट्या गोळ्यांत मिळतात, तशी लिहून मागा. मेटफॉर्मिन हळूहळू विरघळणारं, म्हणजे पाकिटावर एसआर लिहिलेलं असेल, तर ती गोळी जेवणासोबत अख्खी गिळायची, फोडायची नाही. कधी शौचात गोळीचं रिकामं टरफल दिसतं. औषध अंगी लागलेलं असतं, घाबरू नका.

ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन बाहेर काढायला लावतं, आणि त्याचा अंमल दिवसभर राहतो. म्हणून ते नाश्त्याच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायचं. नाश्ता नाही तर ती गोळीही नाही, असं डॉक्टरांशी बोलून ठरवून ठेवा. थरथर सुटली की पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर रक्तात उशिरा पोचते. अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर घालून प्या, १५ मिनिटांनी तपासा. ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेच. सावरल्यावर पोळी-भाजी खा, नाहीतर साखर परत घसरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. (ज्या वाचकांच्या पाकिटावर व्होग्लिबोज लिहिलंय, त्यांना घरातली साखर लवकर लागू पडत नाही. त्यांनी ग्लुकोजची पूड जवळ ठेवावी.)

आता तुम्ही न विचारलेलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी १२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसाचं तर जास्तच. माझी आई अकरा वर्षं ते घेत होती. "पायाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं गं," म्हणायची. सहा महिने मी ते शुगरच्या खात्यावर टाकलं. एका रात्री ती भिंतीला हात लावत न्हाणीकडे निघालेली दिसली आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला दिलं. बी १२ अगदी तळाला गेलं होतं. इंजेक्शनांनी चाल सुधारली, पण तळव्यांच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. मला त्या सहा महिन्यांची आजही हळहळ वाटते. तुम्हाला नऊ वर्षं झाली आहेत. बी १२ आणि क्रिएटिनिन दोन्ही तपासून घ्या, कारण मूत्रपिंड मंदावलं असेल तर मेटफॉर्मिन कमी किंवा बंद करावं लागतं. पुढे कधी उलट्या-जुलाब जोरात झाले तर ते थांबवायचं का, हे त्याच दिवशी विचारा.

डॉक्टरांकडे जाताना पाकीट न्या, आणि कागदावर लिहा : गोळी किती वाजता, पहिला घास किती वाजता, त्रास किती वाजता. उपासाचा दिवस वेगळा लिहा. गुरुवारचा उपास मात्र गोळी बदलून मिळेपर्यंत करू नका.