नाशिक महापालिकेने परवानगी शुल्क माफ केलं, तर छतावरचं सोलर वाढेल का?

अमेरिकेतली काही शहरं सोलरची परमिट फी माफ करतात, नाशिकने तसं केलं तर लोक पुढे येतील का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही वाटत. मी इथे घरांवर सोलर बसवायचंच काम करतो. शुल्कापायी माघार घेतलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

तिकडे नगरपालिका नकाशे तपासते, इन्स्पेक्टर पाठवते आणि त्याचे पैसे घेते. कॅलिफोर्नियात तर लहान घरगुती सोलरच्या या फीला कायद्याने 450 डॉलरची मर्यादा घालावी लागली. तिथे माफीला अर्थ आहे. आपल्याकडे सगळा कारभार महावितरणशी, आणि केंद्राच्या 2024 च्या नियमांनी 10 किलोवॅटपर्यंत, सोलर जोडता येईल का हे आधी बघायच्या तांत्रिक तपासणीची अटही काढली. वर केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान.

गाडी अडते कागदांवर. सिडकोतलं नेहमीचं चित्र सांगतो: घरात मुलगा राहतो, लाइट बिल मात्र वारलेल्या वडिलांच्या नावावर. अर्ज ग्राहक क्रमांकावरून भरायचा, म्हणजे आधी बिलावरचं नाव बदला. त्यासाठी वारसांचे कागद, आणि एक बहीण सुरतेला. तिची सही येईपर्यंत उन्हाळा सरतो.

गंगापूर रोडच्या अपार्टमेंटमध्ये भांडण गच्चीचं. 3 किलोवॅटला साधारण 300 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि गच्ची सगळ्यांची. सोसायटीची एनओसी मागा, की वरच्या मजल्यावरचे काका म्हणणार, "स्लॅबला भोकं पाडलीत तर माझ्या बेडरूममध्ये गळणार." भीती खोटी नाही, वॉटरप्रूफिंग फोडून अँकर मारणारे महाभाग आहेत. स्लॅब न फोडता काँक्रीटच्या वजनदार ठोकळ्यांवरही स्ट्रक्चर उभं राहतं, पण ते पटवायला मीटिंग लावावी लागते, आणि मीटिंगला कोरम कधी होतो? एकट्याचं जमत नसेल तर लिफ्ट-पंपाच्या कॉमन मीटरसाठी सोसायटीने बसवावं, त्यालाही किलोवॅटला 18,000 अनुदान आहे.

महापालिकेला काही करायचंच असेल तर नवीन इमारतींच्या नकाशात लक्ष घालावं. पाण्याची टाकी गच्चीच्या उत्तरेला असली की तिची सावली पॅनेलवर जवळजवळ येतच नाही. दक्षिणेला असली की हिवाळ्यात तिची लांब सावली पॅनेलच्या ओळीवर पडते आणि अख्ख्या ओळीचं उत्पादन खाली येतं. सध्या बिल्डर ती जिन्याच्या डोक्यावर ठेवतो, मग जिना कुठल्याही दिशेला असो.