आजोबांच्या दुकानाचा इतिहास लिहायला घेतलास म्हणून

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पहिलं प्रकरण वाचलं. ‘आजोबा कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ होते’ हे वाक्य तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही किराणा दुकानदाराच्या स्मरणिकेत खपून जाईल. आजोबांचा राग-लोभ त्यात कुठे दिसत नाही. तो दिसायला माळ्यावरच्या वह्या खाली उतरव.

कीर्दीत रोजची जमा-नावे असते. तू आधी खतावणी घे, कारण तिथे माणसागणिक पान असतं. एकच खातं निवड आणि दहा वर्षं त्याच्या मागे जा. गूळ, मीठ, घासलेट, मग कधीतरी चहापूड. खोबरं-सुपारी एकदम वाढली की समज, घरात लग्न. जमा कधी पडते तेही बघ, सुगीनंतर की आठवड्याच्या बाजाराला?

1957 सालची पानं मात्र सावकाश वाच. 1 एप्रिलला नवे पैसे आले, 16 आण्यांचा रुपया 100 पैशांचा झाला. चार आण्यांचे सरळ 25, पण एका आण्याचे सव्वासहा. सरकारी तक्त्यात एका आण्याला 6 आणि तीन आण्यांना 19 पैसे होते. म्हणजे आण्या-आण्याचा माल तीनदा नेला तर 18 आणि एकदम नेला तर 19! आजोबांनी 6 मांडले की 7, ते वहीत असणारच. पुढे शेर जाऊन किलो आला. ऐंशी तोळ्यांचा शेर साधारण 933 ग्रॅमचा, तेव्हा किलोला भाव थोडा चढणं रास्तच होतं. किती चढला, ते तू गणित करून बघ. माझ्या मते तुझं अख्खं प्रकरण या दोन हिशेबांवर उभं राहील.

1972 च्या दुष्काळाबद्दल सगळे मिलो (रेशनवरची परदेशी लाल ज्वारी) आणि दुष्काळी कामावर खडी फोडण्याच्याच आठवणी सांगतील. त्या ऐक, पण त्या वर्षी उधारी कोणाला चालू राहिली आणि कोणाचं पान मध्येच थांबलं, हे वहीलाच विचार.

हे वाचताना तुला अवघडल्यासारखं होईल, नात आहेस ना. पण वही गल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी वाचावी लागते. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी 12 मे 1875 ला आसपासच्या शेतकऱ्यांनी वाणी-सावकारांच्या दुकानांवर जाऊन वह्या आणि कर्जखतं मागितली, जाळली. धान्याची दुकानंही लुटली, पण कागद जळणं हा मुख्य हेतू होता. त्यातूनच 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारण कायदा आला. तुझे आजोबा काही सावकार नसतील. तरी आकडा ज्याच्या हाती, त्याचा शब्द शेवटचा, हे गिऱ्हाईक विसरत नाही.

उधारीवाल्यांची नावं छापू नकोस. नाव काढून ‘अमक्या आळीतला गवंडी’ लिहिलंस तरी गाव ओळखतं, आणि त्याची नातवंडं तुझ्याच शाळेत होती.

आजीशी बोल. रद्दीच्या पुड्या कोण बांधायचं, दुपारी आजोबा जेवायला गेले की गल्ल्यावर कोण बसायचं? तुझ्या प्रकरणात ती एकदाच येते, तीही चहा घेऊन. हमालांनाही गाठ. त्यांना ‘तेव्हा कसं होतं हो?’ असं विचारलंस तर ‘चांगलं होतं’ एवढंच ऐकशील. डाळीचं पोतं कुठल्या पेठेतून यायचं, गाडीभाडं कोण द्यायचं, असं नेमकं विचार.

सगळ्यांत जुन्या वह्या मोडी लिपीत असतील. त्या माझ्याकडे धाड. फोटो सावलीत काढ, पान सपाट ठेव आणि समास कापू नकोस. बुडीत सोडलेल्या रकमेची खूण कित्येकदा तिथेच बारीक अक्षरात असते.

आजीला माझा नमस्कार सांग.