नऊ वर्षांच्या मुलाच्या मेटानेफ्रिन रिपोर्टवर कुठल्या वयाची रेंज आहे ते लिहिलेलं नाही. काय समजायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलाचा बीपी सारखा वाढलेला येतो, डोकं दुखतं, घाम फुटतो, म्हणून विट्याच्या डॉक्टरांनी मेटानेफ्रिनची ही रक्ततपासणी सांगितली. मेटानेफ्रिनपुढे ‘एच’ (हाय, म्हणजे रेंजपेक्षा जास्त) आलाय, नॉरमेटानेफ्रिन वरच्या मर्यादेच्या जरा आत आहे. गाठ आहे की नाही, हा तुमचा प्रश्न.

मी सांगलीत लॅब टेक्निशियन आहे, निदान करणं माझं काम नव्हे. पण तुम्ही त्या ‘एच’ला घाबरलाय, आणि मला काळजी वाटते ती खूण नसलेल्या आकड्याची, म्हणजे नॉरमेटानेफ्रिनची.

फिओक्रोमोसायटोमा ही मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली गाठ. ती अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन ही बीपी वाढवणारी हार्मोन्स बनवते. ही दोन्ही रक्तात घटकेत चढतात, घटकेत उतरतात. पण गाठीच्या पेशींतच त्यांचं मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन होऊन ते सतत रक्तात येत राहतं, म्हणून तेच मोजतात. आता वयाचं बघा. नॉरमेटानेफ्रिन लहान मुलांत कमी असतं आणि वयाबरोबर वाढत जातं. मेटानेफ्रिन मात्र मुलांत मोठ्यांपेक्षा थोडं जास्तच असतं. मोठ्यांची रेंज लावली की धडधाकट मुलालाही मेटानेफ्रिनचा ‘एच’ लागू शकतो, आणि खरोखर वाढलेलं नॉरमेटानेफ्रिन ‘नॉर्मल’ म्हणून सुटून जातं. त्यात मुलांतल्या अशा गाठी बहुतेक करून नॉरअ‍ॅड्रिनलिनच बनवतात! म्हणून लॅबला फोन करून सरळ विचारा, ‘ही रेंज कुठल्या वयाची? झोपवून घेतलेल्या रक्ताची की बसवून?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रक्त कसं घेतलं, हेही तितकंच महत्त्वाचं. आईच्या मांडीवर बसून, सुई बघून हंबरडा फोडलेल्या मुलाचे दोन्ही आकडे वाढतात. खरी पद्धत अशी: आधी इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची सलाइनची सुई) लावायचं, मुलाला वीस मिनिटं ते अर्धा तास आडवं झोपू द्यायचं, आणि मग त्याच सुईतून, त्याला न उठवता, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यायचं. ट्यूब लगेच बर्फात. गर्दीच्या वेळी एवढा वेळ कुणी देत नाही, म्हणून आधी बोलून वेळ ठरवा. नाक मोकळं करणारं सर्दीचं सिरप चालू असेल तर सांगा. डॉक्टरांनी दिलेलं कुठलंही औषध मनाने बंद करू नका.

इंटरनेटवरच्या आकड्यांशी ताडताना एकक बघा. मेटानेफ्रिनचा १ नॅनोमोल प्रति लिटर म्हणजे सुमारे १९७ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, नॉरमेटानेफ्रिनचा सुमारे १८३. या घोळात पालकांची झोप उडालेली मी पाहिली आहे.

रिपोर्ट घेऊन मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे जा. घरात कुणाला तरुणपणी बीपी, अ‍ॅड्रिनल किंवा थायरॉइडची गाठ झाली असेल तर आठवून सांगा, कारण मुलांतल्या या गाठी बऱ्याचदा आनुवंशिक असतात. आणि मधल्या काळात डोकं असह्य दुखलं, उलट्या झाल्या, अंधुक दिसू लागलं किंवा फिट (आकडी) आली, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट बघू नका. रात्र असली तरी गाडी काढा आणि सांगली-मिरजेतलं मुलांचं आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा.