बांध दरवर्षी त्याच जागी फुटतो, उंची वाढवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बालाघाटाच्या पठारावर चार एकर रान, दीड फूट काळी माती आणि खाली मुरूम, उतार नाल्याकडे. पीक सोयाबीन-तूर. उन्हाळ्यात जेसीबीने घातलेला बांध जूनमध्ये फुटला, दुरुस्त केला तर त्याच जागी पुन्हा फुटला. आता उंची वाढवायची का?

नका वाढवू. त्याच जागी फुटतो याचा अर्थ ती बांधाच्या रेषेतली सर्वांत खोलगट जागा आहे. बांध सरळ धुऱ्याला, म्हणजे शेताच्या हद्दीला, धरून घातला की असं होतंच, कारण धुरा वाटणीप्रमाणे पडतो, उताराप्रमाणे नाही. दोन बांधांमधलं रान १०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद धरा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातलं निम्मं पाणी वाहिलं, तर ७५,००० लिटर पाणी बांधाला येऊन भिडतं. रेषेत वीतभर खळगा असला तरी ते सगळं तिथे गोळा होतं. बांध आणखी उंच केला तर पाणी जास्त साठेल आणि फुटताना खालचं रानही खरवडून नेईल.

माती किती जाते याचा अंदाज उघड्या डोळ्यांनी येत नाही. एकरभर रानातून एक मिलिमीटर थर गेला तर ती साधारण पाच टन माती होते. मोठ्या पावसानंतर रानात बसून बारीक खडे बघा. खडा मातीच्या इवल्याशा खांबावर उभा दिसला, तर त्या खांबाच्या उंचीएवढी माती मशागतीनंतर आजूबाजूने गेली. ओघळी दिसण्याआधीच सालकाढी धूप, म्हणजे मातीचा पातळ थर सगळीकडून वाहून जाणं, चालू असते ती अशी. सुरुवात थेंबाच्या माऱ्यानेच होते: उघड्या जमिनीवरची ढेकळं फुटतात, बारीक कण छिद्रांत बसतात, वर पापडी धरते आणि मग मुरायचं पाणी पळायला लागतं. म्हणून पेरणीआधी रोटाव्हेटर मारून रान पिठासारखं करणं उताराच्या जमिनीत घातक आहे. रान दिसायला छान दिसतं, एवढाच फायदा.

आता रेषा. ६०० मिलिमीटरच्या आत पाऊस आणि हलकी, मुरणारी जमीन असेल तर समपातळीवर बांध चालतो. तुमच्याकडे पाऊस त्याहून जास्त आणि माती चिकण, त्यामुळे किंचित ढाळ दिलेला बांध घ्या. म्हणजे पाणी बांधाला लागून हळूहळू एका टोकाकडे सरकतं, तुंबत नाही. ढाळ दर १० मीटरला २ ते ३ सेंटिमीटर, त्याहून जास्त नको.

आखणीला पारदर्शक पाइप आणि खुणा केलेल्या दोन काठ्या पुरतात. हायड्रोमार्कर, म्हणजे याच पद्धतीचं तयार साधन, मिळाला तर उत्तमच. दोन्ही काठ्या १० मीटरवर उभ्या करा. पुढच्या काठीवर पाण्याची पातळी मागच्यापेक्षा अडीच सेंटिमीटर जास्त वाचली जाईल तिथे फक्की टाका. पाइपात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी सगळी आखणी चुकते, म्हणून आधी दोन्ही काठ्या शेजारी धरून पाणी सारखं आहे ना बघा. रेषा फार नागमोडी आली तर औतं वळतील इतपत सैल करा, पण खोलगट जागी बांधाचा माथा खाली जाऊ देऊ नका. तिथे भर जास्त लागणार, ती घालावीच लागते.

उतारही याच पाइपाने काढा. उताराच्या दिशेने १० मीटरमध्ये ३० सेंटिमीटर फरक आला म्हणजे ३ टक्के. त्या उताराला दोन बांधांत ३० मीटर, २ टक्क्यांना ४० मीटर अंतर ठेवा. बांध बसल्यावर उंची ६० सेंटिमीटर, माथा ४५, बाजूंचा उतार दीडास एक, म्हणजे पाया सव्वादोन मीटर. माती खचते, म्हणून घालताना पाव पट जास्त उंच घाला. माती वरच्या बाजूने उचला, पण खड्डे ३० सेंटिमीटरपेक्षा खोल नकोत आणि सलगही नकोत. मध्ये मध्ये आडवी माती सोडा, नाहीतर तीच नाली होते. भर घालायच्या आधी पाया नांगरून घ्या, नाहीतर जुन्या-नव्या मातीच्या सांध्यातून पाणी पाझरतं.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, नसलेला बांध फुटणारच. ढाळाच्या टोकाला दगडी सांडवा करा, त्याचा उंबरा जमिनीपासून ३० सेंटिमीटर, म्हणजे माथ्याच्या ३० सेंटिमीटर खाली. पाणी पडतं तिथे दगड अंथरा. तिथून नाल्यापर्यंत दीड-दोन मीटर रुंद, उथळ, गवताची पाणवाट लागते. गवत धरायला एक पावसाळा द्यावा लागतो, म्हणून हे काम बांधाच्या आधीचं. हरळी लवकर धरते, पण रानात घुसेल ही भीती खरी आहे. मारवेल लावा, वैरणही होईल. बांधाच्या वरच्या अंगाला वाळ्याची एक ओळ हवी: दोन-तीन फुटव्यांची ठोंबं, १० ते १५ सेंटिमीटरवर, पाऊस लागल्यावर. मध्ये खिंडी राहिल्या तर पाणी तिथून जोराने घुसतं, मेलेली ठोंबं त्याच पावसाळ्यात सांधा.

बांध हा शेवटचा अडसर. खरं काम दोन बांधांच्या मध्ये होतं. पेरणी उताराला आडवी, कोळपणीही आडवी. वर-खाली पेरलं तर पाभरीची प्रत्येक ओळ पाण्याला रस्ता करून देते. रुंद वरंबा-सरीचं पेरणी यंत्र मिळालं तर सोयाबीनला घ्याच. नसेल तर तीसेक दिवसांनी, शेवटच्या कोळपणीला कोळप्याला दोरी गुंडाळून दर चार ओळींआड सरी काढा. खर्च जवळपास शून्य. तुरीचा पाला आणि सोयाबीनचं भुसकट शक्य तितकं रानातच राहू द्या.

वरच्या शेजाऱ्याच्या रानातून पाणी येत असेल तर आधी त्याच्याशी बोला आणि वरच्या धुऱ्याला वळण-चर काढून ते पाणवाटेत घाला. परस्पर खालच्याच्या रानात सोडलं तर पुढची भांडणं तुम्हाला ठाऊकच आहेत.

यंदाच्या खिंडाराला नुसती सैल माती लोटू नका. दोन्ही तोंडं पायऱ्यांसारखी कापा. ओलसर माती १५ सेंटिमीटरच्या थरांनी टाकून प्रत्येक थर धुमसाने ठोका. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, उंदीर बिळं करतात, म्हणून मेअखेरीला बांधावरून एकदा फिरून भेगा-बिळं मुरमाड मातीने ठासून घ्या.