पाचवी गल्ली, पण कुठली?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पार्सलच्या पत्त्यांविषयी आहेत, याचे मला आश्चर्य वाटले नाही. मी कोल्हापुरात अकरा वर्षे कुरिअरची गाडी चालवली, पुढे चार वर्षे हबमध्ये माल वेगळा करण्याचे काम पाहिले, आणि या पंधरा वर्षांत पत्त्यावरून वाद ऐकला नाही असा दिवस क्वचितच गेला. पत्रे आटोपशीर करून येथे घेतली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी राजारामपुरीत पाचव्या गल्लीत राहते. गेल्या महिन्यात माझे एक पार्सल ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा मारून परत गेले. मी घर क्रमांक, 5वी गल्ली, ई वॉर्ड, कोल्हापूर आणि पिनकोड असे सर्व लिहिले होते. यात अपूर्ण काय? आणि ही मुले खरोखर शोधतात, की गाडीवर बसूनच शेरा मारतात?

उत्तर : ताई, ई वॉर्डात पाचव्या गल्ल्या दोन आहेत. एक तुमची राजारामपुरीतली आणि दुसरी शाहूपुरीतली. तुमच्या पत्त्यात वॉर्ड आहे, गल्ली आहे, फक्त ‘राजारामपुरी’ हा एक शब्द नाही, आणि नेमका तोच शब्द पार्सल कोणाच्या पिशवीत जाणार हे ठरवतो. पिनकोडवरून उलगडा व्हायला हवा हे खरे. पण घाईच्या वेळी माल लावणारा माणूस सहा अंक वाचण्याआधी ओळखीचा शब्द शोधतो, आणि तो सापडला नाही की हाताला येईल त्या ढिगात नग टाकतो. सकाळी हबमध्ये माल मार्गाप्रमाणे लावताना एकेका नगावर नजर टाकायला दोन-तीन सेकंदच मिळतात. शाहूपुरीच्या पिशवीत गेलेले तुमचे पार्सल घेऊन तो मुलगा बहुधा शाहूपुरीच्या पाचव्या गल्लीत हिंडला असेल, तुमच्या क्रमांकाचे घर त्याला तेथे सापडले नसेल, आणि त्याने जो शेरा मारला तो त्याच्या परीने खरा होता.

घर क्रमांकाबद्दलही थोडे सांगतो, कारण त्यावर लोकांचा नको इतका भरवसा असतो. आपण पत्त्यात जो लिहितो तो बहुतेक वेळा सिटी सर्व्हे नंबर असतो. तो जमिनीच्या नोंदीसाठी दिलेला आहे, गल्लीत चालत येणाऱ्यासाठी नाही. वाटण्या होत गेल्या तसे त्याला तिरप्या रेघा देऊन ‘ए’, ‘बी’, ‘1’, ‘2’ जोडले गेले, त्यामुळे 1840 च्या शेजारी 1841 असेलच असे नाही, आणि शेजाऱ्याला विचारावे तर त्यालाही स्वतःचा नंबर घरफाळ्याची पावती काढल्याशिवाय सांगता येत नाही. उपनगरांत याहून कठीण प्रकार असतो. तेथे रिव्हिजन सर्व्हे नंबर लिहिलेला असतो आणि त्या एका नंबरात कधी कधी पूर्ण कॉलनी मावते.

म्हणून सरावलेला माणूस पत्ता शेवटाकडून वाचतो. पिन, पेठ किंवा वसाहत, चौक, मग गल्ली, आणि सर्वांत शेवटी नंबर. पहिल्या तीन गोष्टी जुळल्या की तो निघतो, उरलेले फोनवर किंवा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवर विचारून भागवतो. आपल्या गावात तालमींची मंडळे, तिकट्या आणि वेशी हेच खरे नकाशे आहेत. गंगावेशीला आज दरवाजा नाही, पण रिक्षावाल्यापासून टपालवाल्यापर्यंत कोणाचेही त्यावाचून अडत नाही. कागदावर ताराराणी चौक आणि तोंडी कावळा नाका अशी जागा असेल तर मी दोन्ही नावे लिहायला सांगतो, कारण बाहेरगावाहून आलेल्या मुलाला मोबाइलवर एक नाव दिसते आणि रस्त्यावरचा माणूस दुसरे सांगतो. मात्र ‘पलीकडे’ आणि ‘अलीकडे’ हे शब्द टाळावेत. बिंदू चौकाकडून येणाऱ्याचे ‘पलीकडे’ हे मिरजकर तिकटीकडून येणाऱ्याचे ‘अलीकडे’ होते, आणि आपण कोणत्या बाजूने येणार हे त्या मुलाने तुम्हाला कळवलेले नसते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गाडीवर बसून शेरा मारणारे असतात, हे मी नाकारणार नाही. अनेक ठिकाणी पैसे पोहोचलेल्या नगावर मिळतात, शोधण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचे मिळत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी पिशवीत वीस नग शिल्लक असताना संदिग्ध पत्त्याचा नग मागे पडतो. तुम्हाला शंका असेल तर तक्रार करताना ‘माझ्याकडे कोणी आलेच नाही’ एवढ्यावर थांबू नये. शेरा किती वाजता आणि कोणत्या ठिकाणाहून नोंदला गेला, फोन केल्याची नोंद आहे का, हे विचारावे. बहुतेक ॲपमध्ये वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदले जाते, आणि असा नेमका प्रश्न आला की हबमधल्या माणसालाही ती नोंद उघडून पाहावी लागते.

प्रश्न : आमचे गाव शिरोली दुमाला, तालुका करवीर. आमची निम्मी पार्सले आधी शिरोली पुलाचीला जातात. आम्ही पत्ता चुकीचा लिहितो का?

उत्तर : चुकीचा नाही, अर्धवट. शिरोली पुलाची हे गाव हातकणंगले तालुक्यात, महामार्गाला लागून आणि औद्योगिक वसाहतीमुळे सर्वांच्या तोंडी असलेले. तुमचे गाव शहराच्या दुसऱ्या अंगाला. नुसते ‘शिरोली’ वाचले की कुरिअरच्या माणसाचा हात एमआयडीसीच्या पिशवीकडे जातो. असाच घोटाळा ‘बावडा’ लिहिणाऱ्यांचा होतो: कसबा बावडा शहरातच आहे आणि गगनबावडा येथून सुमारे 55 किलोमीटरवर घाटमाथ्यावर आहे. ‘दुमाला’, ‘पुलाची’, ‘कसबा’, ‘मौजे’ ही गावाच्या नावाची शेपटे नाहीत, ती नावेच आहेत. ती गावाच्या नावाला चिकटवून, एकाच ओळीत आणि शक्यतो आधी लिहावीत. ॲपमध्ये पिन टाकल्यावर शहराच्या रकान्यात आपोआप ‘कोल्हापूर’ येते आणि माणूस गाव लिहायचे विसरतो, हेही लक्षात ठेवावे.

पिनबद्दल दोन शब्द. ही सहा अंकी पद्धत केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. सारख्या नावांची गावे, वेगवेगळ्या लिप्या आणि न लागणारी अक्षरे यांवर तो तोडगा होता. म्हणजे तुमच्या दोन शिरोलींचे दुखणे तेव्हाही होतेच. पहिल्या अंकाने विभाग कळतो, पहिल्या तीन अंकांनी टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटच्या तीन अंकांनी वाटप करणारे टपाल कार्यालय. पण 416 म्हणजे केवळ कोल्हापूर असे समजू नये. इचलकरंजी 416115, सांगली 416416 आणि सावंतवाडी 416510 ही सारी त्याच तीन अंकांखाली येतात. मागच्या तिन्हींपैकी एक अंक चुकला तर पार्सल थेट दुसऱ्या जिल्ह्यात उतरू शकते, आणि मग वरचा पत्ता कितीही सुवाच्य असला तरी पहिले दोन दिवस तो कोणी वाचत नाही.

प्रश्न : मी सहा महिन्यांपासून डिलिव्हरीचे काम करतो. एकाच गल्लीत एकाच आडनावाची चार घरे असतात, नावाचे फक्त पहिले अक्षर असते आणि फोन उचलला जात नाही. अशा वेळी काय करावे?

उत्तर : मी काय केले ते आधी सांगतो, म्हणजे काय करू नये ते कळेल. जूनमधली पावसाची संध्याकाळ होती. शिवाजी पेठेत उभा मारुती चौकाजवळच्या एका बोळात ‘एस. पाटील’ एवढ्याच नावाचे पार्सल द्यायचे होते आणि फोन बंद होता. टपरीवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, “कुठलं पाटील? दुधाचं का एस्टीचं?” मी लेबल दाखवले, त्याने अंदाजाने एस्टीतून निवृत्त झालेल्या पाटलांचे दार दाखवले. आतून आजी आल्या. मी विचारले, “आजी, पाटलांचंच घर न्हवं? पार्सल आलंय.” त्या म्हणाल्या, “व्हय बाबा, पोरानं मागवलं असंल.” मी सही घेतली आणि पुढे गेलो. दोन दिवसांनी तक्रार आली. पार्सल तिसऱ्या घराच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या मुलीचे होते, आत स्पर्धा परीक्षेची पुस्तके होती. आजींनी ते उघडलेही नव्हते. मुलगा येईपर्यंत देव्हाऱ्याशेजारी कोरड्या जागी नीट ठेवले होते. पार्सल मुलीला मिळाले, दंड माझ्या पगारातून गेला, आणि त्याचा मला आजही राग नाही.

चूक टपरीवाल्याची नव्हती आणि आजींची तर नव्हतीच. चूक माझ्या प्रश्नात होती. “पाटलांचंच घर ना?” या प्रश्नाला त्या बोळातल्या चारही दारांतून ‘होय’ हेच उत्तर आले असते. त्यानंतर मी लेबलवरचे नाव आपणहून उच्चारणे बंद केले. पार्सल पाठीमागे धरून “कोणाच्या नावाने येणार आहे? कुठून मागवलंय?” एवढेच विचारायचे आणि समोरच्याकडून पूर्ण नाव येऊ द्यायचे. पैसे देऊन घ्यायचा नग असेल तर रक्कमही त्यांनाच सांगू द्यावी. ज्याने मागवले आहे त्याला ती साधारण ठाऊक असते. ओटीपी असेल तर प्रश्नच मिटतो, पण ओटीपी दारातल्या माणसाच्या मोबाइलवर आलेला पाहावा. “मुलाला विचारून सांगतो” असे म्हणत कोणी तिसऱ्याच मुलाला फोन लावत असेल, तर थांबावे.

फोन न उचलण्याचे कारण पुष्कळदा साधे असते. अनेक कंपन्यांत आपला फोन मधल्या नंबरवरून जोडला जातो, ग्राहकाला अनोळखी क्रमांक दिसतो आणि तो कर्ज विकणाऱ्याचा समजून कापतो. लागोपाठ दुसऱ्यांदा लावल्यावर बरेच जण उचलतात. ॲपमध्ये संदेशाची सोय असेल तर ‘पार्सल घेऊन अमुक चौकात उभा आहे’ असा चौकाचे नाव घातलेला संदेश पाठवावा. चौकाचे नाव वाचले की माणसाची खात्री पटते.

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर नग परत न्यावा आणि शेरा खरा मारावा. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ आणि ‘पत्ता अपूर्ण’ हे दोन शेरे मोबाइलच्या पडद्यावर शेजारी असले तरी त्यांचे परिणाम वेगळे आहेत. पहिल्यावर दुसऱ्या दिवशी नुसता पुन्हा प्रयत्न होतो, दुसऱ्यावर कोणीतरी पत्ता विचारून घेण्याची शक्यता निर्माण होते. ठरावीक प्रयत्नांनंतर माल पाठवणाऱ्याकडे परत जातो, म्हणून चुकीच्या शेऱ्यात एक फेरी वाया घालवू नये. शेजाऱ्याकडे ठेवायचे तर मालकाने फोनवर तसे सांगितल्याशिवाय ठेवू नये, मग शेजारी कितीही सज्जन असो.

आणखी एक. मी मार्गावरची एक वही ठेवत असे: ‘निळा दरवाजा, मागून जिना’, ‘कुत्रे बांधलेले नसते’, ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये’. अशी वही तुम्हीही ठेवा, पण त्यात लोकांचे फोन नंबर उतरवू नका. वही हरवते.

प्रश्न : ‘तुमच्या पार्सलचा पत्ता अपूर्ण आहे, 48 तासांत लिंकवर दुरुस्त करा’ असा टपाल खात्याच्या नावाचा संदेश आला. दुरुस्तीचे थोडेसेच पैसे मागतात. भरावेत का?

उत्तर : भरू नयेत, आणि लिंकही उघडू नये. टपाल खात्याच्या नावाने फिरणारे असे संदेश बनावट असल्याचा इशारा सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेही दिलेला आहे. रक्कम मुद्दाम लहान मागतात, कारण त्यांना हवा असतो तो तुमच्या कार्डाचा तपशील. खरोखर काही मागवले असेल तर ज्या ॲपवरून मागवले तेथे जाऊन किंवा पावतीवरचा क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर टाकून पाहावे. पैसे गेलेच असतील तर उशीर न करता 1930 या हेल्पलाइनवर कळवावे.

प्रश्न : आमचे घर मंगळवार पेठेत एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना मागच्या बोळातून आहे. आता पत्त्याऐवजी डिजिपिन लिहिला तर चालेल का?

उत्तर : पत्त्याऐवजी नको, पत्त्यासोबत लिहा. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने तयार केलेला डिजिपिन मे 2025 मध्ये खुला झाला. त्यात देशाचे सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिलेला आहे. ज्या वस्तीत गल्लीला नावच नाही अशा नव्या कॉलनीत किंवा रानातल्या घराला त्याचा चांगला उपयोग आहे. पेठांत मात्र भिंतीला भिंत लागून घरे आहेत, चार मीटरच्या चौकोनात दोन दारे सहज येतात, आणि अरुंद बोळात मोबाइलचे ठिकाण दाखवणारा ठिपका पाच-दहा मीटर इकडेतिकडे सरकतो. शिवाय हा संकेत अक्षांश-रेखांशावरून काढलेला असल्याने तळमजला आणि तिसरा मजला त्याच्या लेखी एकच. तुमच्या बाबतीत तो समोरच्या रस्त्यावर उभे राहून काढू नये. मागच्या बोळात, जिन्याच्या तोंडाशी जाऊन, ठिपका स्थिर होईपर्यंत थांबून काढावा, आणि पत्त्यात त्याच्या आधी ‘जिना मागून, तिसरा मजला’ हे चार शब्द लिहावेत.