आधी मिनिटं मोज

प्रिय मित्रा,

दोन्ही करारांचे मसुदे वाचले. मोठ्या क्लबकडे चार फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल करणारे खेळाडू, आहेत, तू पाचवा. तरी तू विचारतोस, एवढ्या मोठ्या नावाला नाही कसं म्हणू? उरुग्वेचा फॉरवर्ड दिएगो फोर्लान तुझा आवडता ना? मग त्याचाच हिशेब मांडू.

जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, अर्जेंटिनाचा इंडिपेंडिएंटे क्लब सोडून तो इंग्लंडला निघाला तो तिथल्या मिडल्सब्रो क्लबशी करार करायला. ऐन वेळी मँचेस्टर युनायटेडने हात घातला आणि तो तिकडे वळला. तिथे पुढच्या जागेवर युनायटेडचा मुख्य फॉरवर्ड व्हॅन निस्टलरॉय ठाण मांडून होता. फोर्लानच्या वाट्याला बहुतेकदा सामन्याचं शेपूट यायचं. पहिल्या गोलला आठ महिने आणि २७ सामने लागले, आणि तो गोलही पेनल्टीवरचा, इस्रायलच्या मकाबी हैफा क्लबविरुद्ध.

त्याला गोल करता येत नव्हते असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. शेवटच्या दहा मिनिटांसाठी आलेल्या फॉरवर्डचं काय होतं ते बघ. बचावपटू पाठीला चिकटतो की दोन पावलं मागे राहतो, कुठल्या बाजूला ढकलतो, हे कळायलाच चार-पाच चेंडू लागतात. तो अंदाज येईपर्यंत शिट्टी वाजते. मग पुढच्या वेळी तो पहिल्याच चेंडूवर घाई करतो, अंग मागे जातं, चेंडू बारवरून जातो, आणि त्यानंतरच्या सामन्यात मिनिटं आणखी घटतात. हे चक्र सरावाने तुटत नाही. सामन्यातल्या मिनिटांनीच तुटतं.

ऑगस्ट २००४ मध्ये तो स्पेनच्या व्हियारेअल क्लबकडे गेला. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. पण प्रशिक्षक पेलेग्रिनी चिलीचा, मागून चेंडू पुरवणारा रिकेल्मे अर्जेंटिनाचा, ड्रेसिंग रूममध्ये त्याचीच स्पॅनिश भाषा, आणि पहिल्या अकरात जागा. त्याच हंगामात ला लीगात, म्हणजे स्पेनच्या लीगमध्ये, २५ गोल, आणि युरोपातल्या लीगमधल्या सर्वोत्तम गोलकर्त्याचा गोल्डन बूट आर्सेनलच्या थिएरी ऑन्रीबरोबर वाटून. पाय तेच होते रे! मिनिटं बदलली.

हट्टी म्हणशील, म्हण. युनायटेडमध्ये त्याला लीगचं पदक मिळालं, अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध दोन गोलही केले, हे मला ठाऊक आहे. पण २०१० च्या विश्वचषकात गोल्डन बॉल, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकणारा फोर्लान घडला तो स्पेनमध्ये, दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळून. त्याच शिदोरीवर २०१६ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्याने अंधेरीत मुंबई सिटीकडून केरळविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली.

आणि तुझा डावा पाय! फोर्लान दोन्ही पायांनी मारायचा, म्हणून त्याला कुठल्या बाजूला ढकलायचं हे बचावपटूला ठरवता यायचं नाही. तुझा डावा अजून नुसता टेकू आहे. रोज सरावानंतर वीस मिनिटं, बाजूने घरंगळत येणारा चेंडू, आधी बारा मीटरवरून पायाच्या आतल्या बाजूने. उजवा पाय चेंडूच्या शेजारी पडू दे, बोटं गोलकडे. तो मागे पडला की चेंडू हवेत जातो. बारा मीटरवरून चेंडू जमिनीलगत जायला लागेपर्यंत वीस मीटरवर जायचं नाही. पण हेही सामन्यात वापरलं नाहीस तर अंगवळणी पडणार नाही. म्हणजे पुन्हा मिनिटंच.

एजंट म्हणेल, नंतर लोनवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे, जाता येईल. त्याला विचार, कुठे आणि कधी? फिफाच्या नियमाने एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी चालते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोघांकडूनच खेळता येतात. मोठ्या क्लबने एका सामन्यात पाच मिनिटं उतरवलं, की एक क्लब खर्ची पडला. मग लोनचा क्लबही चुकला, तर हंगाम गेलाच समज.

आता दोन्ही क्लबांच्या गेल्या हंगामातल्या सगळ्या संघयाद्या काढ. चौथ्या फॉरवर्डला एकूण किती मिनिटं मिळाली ते लिही. प्रशिक्षक पुढे एक फॉरवर्ड खेळवतो की दोन, आणि पहिला बदल कितव्या मिनिटाला करतो, तेही. रविवारपर्यंत मला पाठव. तोवर सही करू नकोस.