सेन नदीवरच्या क्रूझमधील जिव्हर्नीचा दिवस

आपण प्रथमच जात आहात म्हणून आवर्जून सांगतो: बोट फ्रान्समधल्या व्हर्नों गावाला लागेल त्या दिवशी सकाळच्या पहिल्या तुकडीतच नाव द्यावे. तिथून जेमतेम 5 किलोमीटरवर जिव्हर्नी आहे आणि चित्रकार क्लोद मोने 1883 पासून 1926 मध्ये निधन होईपर्यंत जिथे राहिले, ते घर व बाग पाहायला उन्हे चढताच एवढी गर्दी होते की तळ्यावरच्या हिरव्या जपानी पुलावर क्षणभर थांबणेही कठीण होते. गाईडचे बोलणे हेडसेटवर ऐकावे, मात्र मोकळा वेळ मिळताच थेट भुयारी वाटेने रस्त्यापलीकडच्या तळ्याकडे जावे. कमळे, पाण्यात टेकलेल्या विलोच्या फांद्या आणि त्यांची थरथरती प्रतिबिंबे मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. घरातले पिवळे जेवणघर नंतर पाहिले तरी चालते.

दुपारी लेझांदलीला थांबा असल्यास इंग्लंडच्या रिचर्ड राजाने 1196 ते 1198 मध्ये बांधलेल्या शातो गायार किल्ल्याचा चढ, गुडघे साथ देत असतील तरच, चढावा. वरून सेनचे वळण फार सुंदर दिसते. बोटीचा फोन क्रमांक आणि परतीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी.